विश्लेषण : ‘ताऱ्याचा पुत्र’ की ‘खोट्याचा पुत्र’? रोमला हादरवणारा बार कोखबा त्याच्या पत्रांत कसा दिसतो?

मृत समुद्राकाठी एन गेदीजवळच्या एका गुहेत संशोधक गेले होते ते शाईने लिहिलेल्या एका प्राचीन मजकुराची नव्याने छायाचित्रे घ्यायला. तिथल्या कपारीत त्यांना सापडल्या चार रोमन तलवारी. तीन तलवारी तर लाकूड आणि चामड्याच्या म्यानांसह, जवळपास १९०० वर्षे जशाच्या तशा राहिलेल्या. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये हा शोध जाहीर केला. गुहेच्या तोंडाशी एका बंडाच्या काळातले नाणेही मिळाले. या तलवारी बंडखोरांनी रोमन सैनिकांकडून मिळवून लपवल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. त्या बंडाचा नेता होता शिमोन बार कोसिबा. जग त्याला बार कोखबा म्हणून ओळखते. कुणी त्याला मुक्तिदाता म्हटले, कुणी तोतया, तर विसाव्या शतकात तो राष्ट्रवीर झाला. पण त्याची स्वत:ची पत्रे सापडली आहेत आणि त्यातला माणूस या तिन्ही प्रतिमांत बसत नाही.

बंड कधी आणि कशासाठी?

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेममधील ज्यूंचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि शहरात आपली दहावी लिजन, म्हणजे काही हजारांची फौज, कायमची बसवली. त्यानंतर सुमारे ६० वर्षांनी, इ. स. १३२ मध्ये, सम्राट हेड्रियनच्या काळात जुडिया प्रांत पुन्हा पेटला. ही लढाई साडेतीन वर्षांच्या आसपास चालली. ब्रिटनचा राज्यपाल ज्युलियस सेव्हेरस याला साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाहून बोलावून आणावे लागले, यावरूनच रोमला हे प्रकरण किती जड गेले ते कळते. सेव्हेरसने मैदानी लढाई टाळली. छोट्या छोट्या टोळ्यांना गाठायचे, कोंडायचे आणि रसद तोडायची, असा त्याचा सावकाश पण निर्दय मार्ग होता. १३५ मध्ये जेरुसलेमच्या नैर्ऋत्येकडील बेतारचा किल्ला पडला आणि बार कोखबाही तिथेच मारला गेला.

कारणांबाबत मात्र पाठ्यपुस्तकी उत्तर देऊन चालत नाही. ‘हेड्रियनने सुंतेवर बंदी घातली म्हणून बंड झाले’ हे वाक्य सगळीकडे फिरते. त्याचा आधार ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या ग्रंथातील एक ओझरता उल्लेख आहे. हा ग्रंथ घटनेनंतर बऱ्याच उशिरा लिहिलेला आणि थापांसाठी कुप्रसिद्ध आहे. बंदी बंडाआधीची की बंड मोडल्यावरची शिक्षा, यावरही मतभेद आहेत. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ दुसरे कारण देतो : जेरुसलेमच्या जागी ‘एलिया कॅपिटोलिना’ नावाची रोमन वसाहत उभारण्याचा आणि मंदिराच्या जागी ज्युपिटरचे देवालय बांधण्याचा हेड्रियनचा निर्णय. या म्हणण्याला नाण्यांचा आधार मिळतो. जुडियाच्या वाळवंटात सापडलेल्या पुंज्यांत बंडखोरांच्या नाण्यांसोबत एलियाची नाणीही आहेत. म्हणजे बंड सुरू असताना ती चलनात होती. शहराची घोषणा हा बंडानंतर उगवलेला सूड नव्हता. मंदिर पुन्हा उभे राहील या आशेवर दोन पिढ्या काढलेल्या माणसांना ती जागाच कायमची जाणार, हे दिसले. कारण म्हणून एवढे पुरेसे वाटते.

नाव नेमके कोणते?

‘बार कोखबा’ म्हणजे ‘ताऱ्याचा पुत्र’. याकोबाच्या वंशातून तारा उगवेल, या बायबलमधील भाकिताशी हे नाव जोडलेले आहे आणि ते जोडण्याचे श्रेय परंपरा रब्बी अकिवा या त्या काळच्या थोर धर्मपंडिताला देते. अकिवाने त्याला मसीहा मानले, असे जेरुसलेम तालमूद सांगतो. त्याच ठिकाणी दुसरा एक रब्बी अकिवाची खिल्ली उडवतो : तू मरशील, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी मसीहा आलेला नसेल, अशा अर्थाची. बंड फसल्यावर रब्बींच्या साहित्यात ‘बार कोझिबा’, म्हणजे ‘खोट्याचा पुत्र’, हे रूप रुळले. याच साहित्यात तो गोफणयंत्राचे दगड गुडघ्यांनी परतवतो आणि रागाच्या भरात आपल्या मामाला लाथ घालून ठार करतो. ख्रिस्ती लेखक युसेबियस त्याला लुटारू ठरवतो. त्याचा समकालीन जस्टिन मार्टर तर त्याने ख्रिस्ती लोकांना छळले असा आरोप करतो. आणि लढाईची सर्वांत सविस्तर हकिकत देणारा डिओ? उपलब्ध मजकुरात तो या नेत्याचे नावसुद्धा घेत नाही.

पत्रांनी हा गोंधळ निस्तरला. त्याचे खरे नाव शिमोन बार कोसिबा. त्यात तारा नाही की खोटेपणा नाही. दोन्ही टोपणनावे एकाच आडनावाच्या उच्चाराशी खेळून तयार झाली आहेत, एक चाहत्यांनी आणि दुसरे निराश झालेल्यांनी.

पत्रे सापडली कशी?

पहिला साठा १९५१-५२ च्या सुमारास वादी मुरब्बातच्या गुहांत मिळाला. दुसरा आणि मोठा साठा १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांच्या पथकाला नहल हेव्हरच्या खोल घळीतील गुहेत मिळाला. यादीन हे इस्रायलचे माजी लष्करप्रमुख. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या उपस्थितीत त्यांनी १५ पत्रांचा हा शोध जाहीर केला आणि बार कोखबाचा उल्लेख प्राचीन इस्रायलचा शेवटचा ‘राष्ट्राध्यक्ष’ असा केला. पुढे त्याचे जे झाले त्याची सुरुवात या एका शब्दात आहे.

पत्रे बहुतेक पपायरसवर आहेत, एक लाकडाच्या पट्टीवर. ती हिब्रू, अरमाइक आणि ग्रीक या तीन भाषांत आहेत. मृत समुद्राकाठी पाऊस नगण्य आणि हवा अतिकोरडी, त्यामुळे ती कुजली नाहीत. हस्ताक्षरे वेगवेगळी आहेत. म्हणजे तो सांगत असे आणि लेखनिक लिहून घेत.

पत्रांतून कोण बोलतो?

मसीहा तर नक्कीच नाही. पत्रांत दैवी साक्षात्कार नाहीत, रोमन साम्राज्याविरुद्धची आवेशपूर्ण भाषणे नाहीत. आहे तो गहू, मीठ, गाढवे, जमिनीचा खंड आणि कामचुकार अधिकारी.

एन गेदीत त्याचे दोन प्रमुख होते : येहोनातान आणि मसाबाला. त्यांना लिहिलेल्या एका पत्रात तो थेट सुनावतो, की इस्रायलच्या घरची मालमत्ता तुम्ही आरामात बसून खात-पीत आहात आणि आपल्या बांधवांची तुम्हाला फिकीर नाही. दुसऱ्या पत्रात हुकूम आहे की अमक्याचा गहू जप्त करा आणि तकोआ गावची जी माणसे तुमच्याकडे येऊन राहिली आहेत, ती ज्या घरांत सापडतील ती घरे जाळली जातील. तुम्हालाही शिक्षा होईल. तकोआची माणसे बहुधा फौजेत यायचे टाळत होती. तिसऱ्या एका पत्रात येशुआ बेन गलगुला या आणखी एका प्रमुखाला धमकी आहे. गॅलिलच्या माणसांबाबत सांगितलेले ऐकले नाहीस, तर बेन अफलूलच्या पायांत घातल्या तशा बेड्या तुझ्याही पायांत घालीन, असे तो आकाशाची साक्ष काढून बजावतो. बेन अफलूल कोण होता हे इतिहासाला ठाऊक नाही. येशुआला मात्र चांगलेच ठाऊक असणार.

ही भाषा कठोर आहे, पण ती काय दाखवते हे अधिक महत्त्वाचे. ‘अख्खे राष्ट्र एका दिलाने उठले’ हे चित्र या पत्रांपुढे टिकत नाही. लोक टाळाटाळ करत होते, गावे हात आखडता घेत होती, पुरवठा वेळेत पोहोचत नव्हता. लढाई चालवणाऱ्याला शत्रूइतकेच आपल्या माणसांशीही झगडावे लागत होते. पुतळ्यांत हा भाग दिसत नाही.

आणि तरीही हा माणूस नुसता दांडगा नव्हता. सगळ्यांत बोलके पत्र अगदी छोटे आहे. ते येहुदा बार मेनाशे याला लिहिलेले. सुक्कोथचा, म्हणजे मांडवांचा, सण तोंडावर आला आहे. या सणाला चार वनस्पती लागतात : खजुराची कोवळी पाने, महाळुंग, मर्टल आणि वाळुंज. शिमोन कळवतो की दोन गाढवे पाठवली आहेत, ती दोन माणसांबरोबर येहोनातान आणि मसाबालाकडे पाठव. ते खजुराची पाने आणि महाळुंगे भरून देतील. मर्टल आणि वाळुंज तू तुझ्याकडून मिळव. सगळ्याचा दशमांश नियमाप्रमाणे बाजूला काढ आणि छावणीत रवाना कर. माणसे पुष्कळ आहेत. भोवती रोमन फौजा असताना सेनापतीला सैनिकांच्या सणाची काळजी आहे, आणि दशमांश चुकू नये याचीही. आणखी एक पत्र ग्रीकमध्ये आहे. त्यातही महाळुंगांचीच मागणी आहे आणि लिहिणारा आपण ग्रीकमध्ये का लिहीत आहोत याचे कारणही देतो. स्वातंत्र्ययुद्धात हिब्रू ही अभिमानाची भाषा झाली होती, पण कामकाज हाताशी असेल त्या भाषेत चालत होते.

बार कोखबाचे राज्य कागदावरही होते. एन गेदीच्या जमिनी त्याच्या नावाने खंडाने दिल्याचे करार सापडले आहेत. त्यावर तारीख रोमन सम्राटाच्या नव्हे, तर ‘इस्रायलचा नासी’, म्हणजे प्रमुख, शिमोन याच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षाची आहे. खंडकऱ्याने हप्ता कधी आणि कुणाकडे भरायचा, हेही ठरलेले. वर्ष बदलले, मालक बदलला. शेतकऱ्याचा हप्ता काही सुटला नाही.

नाण्यांमागची युक्ती काय होती?

बंडखोरांनी कोऱ्या चकत्या ओतून नाणी पाडली नाहीत. चलनातली रोमन नाणी घेऊन त्यांच्यावरच आपला ठसा मारला. काही नाण्यांवर खालच्या सम्राटाचा चेहरा किंवा अक्षरे आजही पुसट दिसतात. एका बाजूला उद्ध्वस्त मंदिराची दर्शनी बाजू, दुसरीकडे त्या चार वनस्पतींपैकी काही आणि ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ अशी अक्षरे. धातू शत्रूचा, घोषणा आपली, आणि खर्च हातोड्याच्या एका घावाचा. तंत्र म्हणून हे बिनतोड आहे.

पण हीच नाणी एक दंतकथाही मोडतात. बंडखोरांनी जेरुसलेम जिंकले होते, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. जेरुसलेमच्या उत्खननांत हजारो प्राचीन नाणी मिळाली आहेत. त्यांत बंडाची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शहर ताब्यात असते तर बाजारात आपले चलन दिसले असते. ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ ही अक्षरे बहुधा विजयाची नोंद नाहीत, ती इच्छा होती.

५ लाख ८० हजार मृत : हा आकडा खरा मानावा का?

डिओच्या मते रोमनांनी ५० किल्ले आणि ९८५ गावे नष्ट केली. लढाईत आणि छाप्यांत ५ लाख ८० हजार माणसे मारली गेली. उपासमार, रोगराई आणि आगीत गेलेले वेगळेच. प्राचीन लेखकांचे आकडे साधारणपणे फुगवलेले असतात, म्हणून हा आकडाही कित्येक वर्षे बाजूला ठेवला गेला. २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ रोमन आर्किओलॉजी’त द्विर राविव आणि हाइम बेन डेव्हिड यांनी तो पुरातत्त्वीय पाहणीशी ताडून पाहिला. जुडियातील किती वस्त्या त्या काळात अचानक ओस पडल्या याचा हिशेब मांडून डिओचा आकडा विश्वासार्ह ठरू शकतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आकड्यावर वाद चालू राहील. पण जुडियाचा डोंगराळ भाग ज्यू वस्तीपासून जवळजवळ रिकामा झाला, यावर फारसा वाद नाही.

रोमनांनीही मोठी किंमत मोजली. डिओ सांगतो की सेनेटला लिहिलेल्या पत्रात हेड्रियनने ‘मी आणि माझी फौज कुशल आहोत’ ही ठरीव सुरुवात वगळली. फौज कुशल नव्हती.

विजयानंतर जेरुसलेममध्ये ज्यूंना प्रवेशबंदी झाली आणि प्रांताचे नाव ‘जुडिया’ऐवजी ‘सीरिया पॅलेस्टिना’ झाले. समाजमाध्यमांवर यावरून दररोज हमरीतुमरी चालते. पॅलेस्टाइन हे नावच हेड्रियनने ज्यूंना चिडवण्यासाठी शोधले, असे एक बाजू म्हणते. हे चूक आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ते त्याच्या सुमारे ५५० वर्षे आधी वापरले होते. या भूमीशी ज्यूंचा संबंधच नव्हता, असे दुसऱ्या बाजूचे काही जण म्हणतात. त्यांनी हे खंडाचे करार वाचावेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कागदांनी आजच्या सीमा ठरत नाहीत. मात्र तीस सेकंदांच्या रीलमधला खोटेपणा त्यांच्या आधारे नक्की उघडा पाडता येतो.

पराभूत नेता राष्ट्रवीर कसा झाला?

सुमारे सतरा शतके ज्यू परंपरेने बार कोखबाला अंतरावरच ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ज्यू राष्ट्रवाद उभा राहिला, तेव्हा त्याला शस्त्र घेऊन लढलेल्या पूर्वजांची गरज होती. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये ‘बार कोखबा’ नावाची व्यायाम संघटना निघाली. १९२३ मध्ये झेव जाबोटिन्स्की यांच्या युवा संघटनेने ‘बेतार’ हे नाव घेतले. लाग बाओमर या सणाच्या शेकोट्या आणि मुलांचे धनुष्यबाण बंडाच्या आठवणीशी जोडले गेले. लोकांना सन्मानाने उभे राहायला एखादा नायक मदत करत असेल तर त्यात गैर काही नाही. अडचण त्यापुढे सुरू होते.

मे १९८२ मध्ये, लाग बाओमरच्या दिवशी, पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांच्या सरकारने नहल हेव्हरच्या गुहांत सापडलेल्या हाडांचे वाळवंटात लष्करी इतमामाने दफन केले. या काळात सरकारशी जाहीर वाद घालत होते येहोशाफात हरकाबी, लष्करी गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख. त्यांचा प्रश्न सरळ होता : ज्या बंडाने राष्ट्राचा जवळपास विनाश केला, त्याचे कौतुक कशासाठी? परिणामांचा विचार न करता केवळ धाडसाची पूजा करणाऱ्या मनोवृत्तीला त्यांनी ‘बार कोखबा सिंड्रोम’ म्हटले.

हरकाबींचा इशारा राज्यकर्त्यांसाठी होता आणि तिथे तो अचूक आहे. निर्णय घेणाऱ्याने हेतूबरोबर परिणामही तोलले पाहिजेत, आणि पराभवाचे सोहळे करणारे सरकार हा तोल सहज विसरते. पण १३२ मधल्या माणसांवर तोच निवाडा जसाच्या तसा लादणे अन्यायाचे आहे. त्यांच्यापुढे बंड आणि सुखाची शांतता असे दोन पर्याय नव्हते. एका बाजूला मंदिराच्या जागी ज्युपिटर आणि डोक्यावर रोमन फौज होती. हिशेब चुकला हे खरे. हिशेब करायला कारण होते, हेही तितकेच खरे. त्याच्या पत्रांतला शिमोन बेभान वाटत नाही. तो अपुऱ्या साधनांवर मोठे काम रेटणारा, धाक दाखवणारा आणि अखेरीस हरलेला प्रशासक वाटतो. त्याला वीर किंवा वेडा ठरवण्याची घाई दोन्ही बाजूंना आहे, कारण दोघांनाही त्याच्याविषयी बोलायचे नसून आजच्या राजकारणाविषयी बोलायचे असते.

गुहेत प्रत्यक्षात कोण होते?

१९८२ च्या सोहळ्यातली खरी विसंगती वेगळीच आहे. ज्या गुहेत पत्रे सापडली, तिथल्या सांगाड्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. वर कड्यांवर रोमनांनी छावण्या ठोकल्या होत्या. त्यांचे दगडी अवशेष आजही दिसतात. आत लपलेल्यांनी सोबत आणले होते काचेचे ताट, आरसा, पितळी भांडी, लोकरीचे गुंडे आणि घरांच्या चाव्या. परत जाऊन कुलूप उघडायचे आहे, असे समजून माणूस चावी सोबत घेतो.

मुरब्बातच्या साठ्यात एक कागद गायीच्या मालकीबद्दलचा आहे. बेत माश्को गावचे कारभारी येशुआ बेन गलगुलाला कळवतात की ही गाय अमुकच माणसाची आहे. पुढे खुलासा करतात : स्वत: येऊन सांगितले असते, पण परके सैनिक जवळ येऊन ठेपले आहेत, आम्ही तुम्हाला जुमानत नाही म्हणून आलो नाही, असे समजू नका. साम्राज्याची फौज वेशीवर आहे आणि गावचे कारभारी गायीचा दाखला देत आहेत.

पत्रांच्याच गुहेत १९६१ मध्ये एका चामडी पिशवीत बाबथा नावाच्या स्त्रीची ३५ कागदपत्रे मिळाली. ती मृत समुद्राच्या दक्षिणेकडच्या माओझा गावची. खजुराच्या बागांची मालकीण, दोनदा विधवा झालेली. पहिल्या पतीपासून झालेल्या येशुआ नावाच्या मुलाच्या पोषणासाठी त्याचे पालक-विश्वस्त महिन्याला दोन दिनार देत. ते पुरत नाहीत म्हणून तिने त्यांना रोमन राज्यपालाच्या न्यायालयात खेचले होते. तिला लिहिता येत नव्हते, तिच्या वतीने दुसरे सही करत. तिच्या कागदांतील शेवटची तारीख ऑगस्ट १३२ ची आहे. बंड त्याच सुमारास भडकले. तो कागद म्हणजे पोषणाची रक्कम मिळाल्याची पावती आहे : तीन महिन्यांचे सहा दिनार. आठेक वर्षे भांडूनही रक्कम तेवढीच राहिली होती. पावती तिने इतर कागदांबरोबर नीट गुंडाळून पिशवीत ठेवली आणि पिशवी गुहेत नेली.